मेडिकेअरची हद्द

प्रश्न : मी वेरूळ-अजिंठ्याला परदेशी पर्यटकांबरोबर गाईड म्हणून जातो. गेल्या हंगामात सत्तरी ओलांडलेल्या एक अमेरिकन बाई कैलास लेण्याच्या पायरीवरून घसरल्या. मनगट टम्म सुजलं. दवाखान्यात चला म्हटलं, तर आधी खर्चाची चौकशी. ‘आमचं मेडिकेअर इथे चालत नाही,’ असं त्या पुन्हापुन्हा सांगत होत्या. एवढ्या श्रीमंत देशाचा सरकारी विमा विमानतळापाशीच का थांबतो? आणि मग ही वयस्कर मंडळी जगभर कुणाच्या भरवशावर फिरतात?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बाईंचं म्हणणं खरं आहे. मेडिकेअर ही मुख्यतः पासष्टीच्या पुढच्या अमेरिकनांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी तिच्या कायद्यावर सही केली, तीही वॉशिंग्टनमध्ये नव्हे, तर मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी जाऊन. कारण तिथे माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन राहत होते. सरकारी आरोग्य विमा आणायची धडपड त्यांनी आपल्या कारकिर्दीत केली होती आणि ती फसली होती. पहिलं कार्ड त्यांनाच दिलं गेलं. अमेरिकेबाहेर घेतलेल्या उपचारांचे पैसे मिळणार नाहीत, ही अट खुद्द कायद्यातच आहे. तेव्हा दोष कुणा कारकुनाच्या आडमुठेपणाचा नाही.

विमा म्हटलं की आपल्याला माणसाच्या नावाची पॉलिसी आठवते. माणूस जाईल तिथे त्याच्या मागोमाग जाणारी. मेडिकेअरची घडण वेगळी आहे. ती बव्हंशी अमेरिकन सरकार आणि अमेरिकेतली रुग्णालयं यांच्यातली व्यवस्था आहे. कुठल्या उपचाराला किती पैसे द्यायचे ते सरकार ठरवतं, रुग्णालयं करार करून ते मान्य करतात, त्यांची तपासणी होते आणि बिल परस्पर सरकारकडे जातं. संभाजीनगरचं किंवा लिस्बनचं रुग्णालय या करारात नाही. तिथून आलेलं बिल खरं की फुगवलेलं हे तपासायचं कुणी आणि खोटं निघालं तर धरायचं कुणाला?

ही अडचण मला समजते, पण पूर्ण पटत नाही. कारण हेच सरकार आपल्या निवृत्त सैनिकांच्या परदेशातल्या उपचारांचे पैसे ‘ट्रायकेअर फॉर लाइफ’ या योजनेतून देतं. गंमत म्हणजे ती योजना हवी असेल तर मेडिकेअरचा हप्ता भरत राहावा लागतो, परदेशात स्थायिक झालात तरी. सोशल सिक्युरिटीची पेन्शनही अमेरिकन नागरिकाला बहुतेक देशांत मिळते. म्हणजे पेन्शन पुण्याला पोचते, विमा मात्र नाही. नोकरीत असेपर्यंत दर पगारातून १.४५ टक्के मेडिकेअरसाठी कापले गेलेले असतात आणि मालकानेही तेवढेच भरलेले असतात. त्या बाई वैतागल्या असतील तर त्यात नवल नाही.

ही हद्द नकाशावर कशी पडते ते पाहण्यासारखं आहे. पोर्तो रिको, ग्वाम, अमेरिकन सामोआ ‘आत’ धरले जातात. सॅन डिएगोला लागून असलेलं मेक्सिकोतलं तिहुआना ‘बाहेर’. अपवाद मोजकेच. अमेरिकेत असताना तातडीची वेळ आली आणि सीमेपलीकडचं रुग्णालय जवळचं असलं, तर तिथला खर्च मिळू शकतो. घरापासूनच परदेशी रुग्णालय जवळ असलं, तर तातडी नसतानाही. वॉशिंग्टन राज्याचा पॉइंट रॉबर्ट्स हा तुकडा आठवा. जमिनीवरून तिथे जायचं तर कॅनडातूनच जावं लागतं. अशा ठिकाणच्या आजीआजोबांना हा नियम चैन नव्हे, गरज आहे. अलास्काला मोटारने निघालेल्यांसाठीही सवलत आहे, पण वाट सरळ हवी आणि रेंगाळणं नको. कॅनडाचे सरोवर-डोंगर बघत चार दिवस मुक्काम केला, तर सवलत गेली. जहाजावरच्या डॉक्टरांचा हिशेब तर तासांवर चालतो : जहाज अमेरिकन बंदरापासून सहा तासांपेक्षा दूर असताना घेतलेल्या उपचारांचे पैसे मिळत नाहीत.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. ही मंडळी ठिगळं जोडून फिरतात. पुष्कळांकडे मेडिगॅप नावाची खासगी पुरवणी पॉलिसी असते. तिच्या काही प्रकारांत परदेशातल्या तातडीच्या उपचारांची सोय आहे : वर्षाला पहिले २५० डॉलर स्वतः भरायचे, पुढच्या खर्चाचे ८० टक्के कंपनी देते. पण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत दुखणं सुरू झालं तरच, आणि सगळ्या आयुष्यात मिळून ५०,००० डॉलरपर्यंतच. आणखी काहीजण मेडिकेअर ॲडव्हान्टेज म्हणजे खासगी कंपन्या चालवतात त्या योजना घेतात. त्यांतल्या काही परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे पैसे देतात, काही देत नाहीत. निघण्याआधी कंपनीला फोन करून विचारणं आलंच.

उरलेली भिस्त प्रवास विम्यावर. इथे वय आडवं येतं, हप्ता वयाबरोबर चढत जातो. त्याहून मोठा खड्डा म्हणजे जुनी दुखणी. पॉलिसी घेण्याआधीच्या ठरावीक काळात, साधारण दोन ते सहा महिन्यांत, रक्तदाबाची गोळी बदलली असेल, तर त्यातून उद्भवलेल्या त्रासाचा दावा नाकारला जाऊ शकतो. प्रवासाचे पहिले पैसे भरल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत पॉलिसी घेतली, तर बऱ्याच कंपन्या ही अट सोडून देतात. निघायच्या आदल्या आठवड्यात विमा घेणारे इथेच फसतात.

माझ्या मते पासष्टीच्या पुढच्या प्रवाशाने उपचारांच्या रकमेपेक्षा परत नेण्याच्या सोयीकडे आधी बघावं. मनगटाचा एक्स-रे आणि प्लास्टर यांचं आपल्याकडचं बिल त्या बाईंच्या विमान तिकिटाच्या मानाने किरकोळच. बिलाची त्यांची धास्ती त्यांच्या देशातल्या दरांनी लावलेली आहे. पण पक्षाघात झाला आणि डॉक्टर-नर्सबरोबर हवाई रुग्णवाहिकेने अमेरिकेला न्यायची वेळ आली, तर खर्च सहज लाख डॉलरच्या पुढे जातो. हा खर्च मेडिकेअर देत नाही. वकिलातही देत नाही. ती डॉक्टरांची यादी देते, घरच्यांना कळवते. प्रवास विम्यातसुद्धा बारीक अक्षरांत बघावं लागतं की कंपनी ‘जवळच्या योग्य रुग्णालयात’ नेणार की घराजवळच्या. वेरूळहून जवळचं योग्य रुग्णालय मुंबईत असू शकतं, शिकागोत नाही.

शेवटी, हा प्रश्न फक्त गोऱ्या पर्यटकांचा नाही. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातून निवृत्त होऊन हिवाळाभर पुण्या-नाशकात राहणारे आपले काका-मावश्याही याच हद्दीत अडकतात. दर महिन्याला हप्ता भरतात (२०२५ मध्ये डॉक्टरांच्या खर्चाच्या ‘बी’ भागाचा मूळ हप्ता १८५ डॉलर होता) आणि इथे त्यातलं काही वापरता येत नाही, इथल्या केमिस्टकडून घेतलेल्या गोळ्यांसाठीही नाही. म्हणून कायमचं परतताना हप्ता बंद करावासा वाटतो. तसं करून पाच वर्षांनी नातवंडांजवळ राहायला परत गेलात, तर बंद ठेवलेल्या दर पूर्ण वर्षामागे १० टक्के, म्हणजे साधारण ५० टक्के जादा हप्ता, बहुतेकांना आयुष्यभर भरावा लागतो. ॲडव्हान्टेज योजनेत असाल आणि सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिलात, तर कंपनी नाव कमी करू शकते. दुसऱ्या बाजूने, भारतात पासष्टीनंतर नवी आरोग्य पॉलिसी घ्यायला आडवी येणारी वयोमर्यादा २०२४ मध्ये विमा नियामकाने काढून टाकली. मात्र आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तेव्हा इथली पॉलिसी परतल्यावर लगेच घ्यावी, आणि ती तीन वर्षं सरेपर्यंत तरी तिकडचा हप्ता तोडू नये.