टेक्निकल रायटिंग शिकवणाऱ्या भाचीस

चि. सोनू,


फोनवर घाईत बोलणं झालं, म्हणून सविस्तर लिहितो. इंजिनिअरिंगच्या मुलांना टेक्निकल रायटिंग शिकवायचं काम तुझ्याकडे आलं आणि तू नेटवरून साहित्य जमवायला बसलीस. जमवणं आता पुरे. चांगलं साहित्य फुकट आणि ढीगभर आहे. पण मुलांनी लिहिलेलं दुसऱ्या कुणी प्रत्यक्ष वापरून पाहिल्याशिवाय हा विषय शिकवून होत नाही, हे माझं ठाम मत आहे. अशा वापरून पाहण्याला मदत होईल तेवढंच साहित्य वर्गात ने.

सुरुवात गूगलच्या ‘टेक्निकल रायटिंग वन’ आणि ‘टू’ या कोर्सेसपासून कर. मुळात त्यांनी ते स्वतःच्या इंजिनिअरांसाठी केले, आता सगळ्यांना खुले आहेत. धडा आधी घरी वाचायचा आणि वर्गात जोडीने लिहून एकमेकांचं तपासायचं, अशी त्यांची पद्धत. शिकवणाऱ्यासाठी वेगळी मार्गदर्शिकाही आहे, ती सगळ्यात आधी वाच. कर्तरी प्रयोग, छोटी वाक्यं, नेमकी क्रियापदं हे त्यात फार छान घोटून घेतलंय. उदाहरणं मात्र सॉफ्टवेअरची आहेत. तुझी मुलं मेकॅनिकलची, तेव्हा नियम तिथले घे आणि उदाहरणं तुमच्या लॅबमधली घाल.

व्हर्निअर कॅलिपरचंच घे. जर्नलमध्ये मुलं ‘रीडिंग वॉज टेकन’ असं उतरवून मोकळी होतात. कुणी घेतलं, कुठलं, कसं, काही पत्ता नाही. एकाला पूर्ण कृती लिहायला सांग आणि तो कागद कॅलिपर कधी हातात न धरलेल्या कॉम्प्युटरच्या मुलाला दे. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, एवढीच अट. जबडे बंद करून शून्याशी शून्य जुळतंय का ते आधी पाहा, हे लिहायचं राहिलं असेल तर झिरो एरर गुपचूप उत्तरात उतरेल. ‘रीडिंग घ्या’ या दोन शब्दांपाशी तर तो मुलगा हमखास अडेल. आधी मुख्य पट्टी वाचायची की सरकती? सरकत्या पट्टीची कितवी रेघ मुख्य पट्टीच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते पाहायचं, त्या आकड्याला लीस्ट काउंटने, म्हणजे समज ०.०२ मिमीने, गुणायचं आणि मुख्य पट्टीच्या वाचनात मिळवायचं. लिहिणाऱ्याला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते कागदावर यायला हवं, हे त्याच्या लक्षातच येत नाही. जिथे जिथे वाचणारा थांबला, तिथे पेन्सिलने खूण करायची. पुढचा तास त्या खुणांवरच घे.

हे जमलं की मग ‘डायटॅक्सिस’ दाखव. डॅनिएले प्रोचिदा यांनी मांडलेली ही चौकट तांत्रिक मजकुराचे चार प्रकार करते: शिकणाऱ्यासाठी धडा, अडलेलं काम उरकायला कृती, शोधायला संदर्भ आणि समजून घ्यायला विवेचन. आपल्या लॅब मॅन्युअलमध्ये हे चारही एकाच पानावर कोंबलेले असतात. मुलांना एक पान देऊन रंगीत पेनांनी ते वेगळे करायला लाव. थिअरी कृतीच्या मधोमध कशी घुसलीय ते त्यांचं त्यांनाच दिसेल.

पर्ड्यू विद्यापीठाची ‘आउल’ ही लेखनशाळा १९९४ पासून ऑनलाइन आहे. रिपोर्ट, मेमो, नोकरीचा अर्ज यांसाठी तिथे जा. स्टाइल गाइड एकच धर, मायक्रोसॉफ्टचा किंवा गूगलचा. दोन्ही दाखवलेस तर मुलं स्वल्पविरामावरून भांडत बसतील. एनपीटेलची व्याख्यानं तू स्वतः ऐक, पण वर्गात लावू नकोस. त्या वेळात मुलांचे हात चालले पाहिजेत.

आणखी एक. तुझी बरीच मुलं मराठी माध्यमातून आलेली आहेत. इंग्रजीच्या धास्तीने ती पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी उचलतात. कृती आधी मराठीत तोंडी सांगू दे, क्रम पक्का होऊ दे, मग इंग्रजीत लिहायला लाव. व्याकरणाचे गुण पहिल्या महिन्यात कापू नकोस.

पहिल्या तासाचे खुणा केलेले कागद फोटो काढून पाठव, आपण फोनवर एकेक बघू. ताईला आणि भावजींना नमस्कार.

तुझा,
मामा