तेल पोचतंय का?

डबरा मागे पडून आठ-दहा किलोमीटर झाले असतील, तेव्हा इंजिनच्या पोटातून पहिल्यांदा तो आवाज आला. २०१४ चा मे महिना होता. ग्वाल्हेरला मामेभावाचं लग्न आणि झाशीहून निघायला झालेला उशीर. शंभर किलोमीटरचा रस्ता लवकर उरकावा म्हणून मी बाबांची बुलेट ऐंशी-पंच्याऐंशीच्या वेगाने ताणत होतो. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला, समोरून येणारा वारासुद्धा भट्टीतून आल्यासारखा.

त्या गाडीचे आवाज ऐकत मी लहानाचा मोठा झालोय. टॅपेटची टिकटिक वेगळी, सकाळी थंड इंजिनात पिस्टन सिलिंडरला थापट्या मारतो तो आवाज वेगळा. हा आवाज खालून येत होता. जड, ठक-ठक असा, आणि ॲक्सिलरेटर पिळला की वाढणारा. मी थांबायला हवं होतं. लग्नघटिका चुकू नये म्हणून थांबलो नाही. लश्करमध्ये मामाच्या दारात गाडी बंद केली, ती झाशीला परत आली टेम्पोत.

आमची बुलेट १९८६ ची. ३५० सीसीची, बिडाच्या इंजिनची, उजव्या पायाच्या गिअरची. या इंजिनात पिस्टनचा सगळा मार कनेक्टिंग रॉडमधून खाली क्रँकपिनवर येतो. पिन आणि रॉड यांच्यामध्ये एक बुश असतो. तो ना पिनवर घट्ट बसवलेला असतो ना रॉडमध्ये. दोघांच्या मध्ये तो तरंगतो. त्याच्या आतून तेलाचा एक पापुद्रा, बाहेरून दुसरा. पिन फिरते तसा तोही मागोमाग हळू फिरतो आणि घर्षणाचा वेग दोन पापुद्र्यांत वाटला जातो. रचना साधी आणि हुशार आहे, पण तिची एकच अट आहे: स्वच्छ तेल, दाबाने, सतत. तेल आहे तोवर धातूला धातू लागत नाही. तेल तुटलं की बुशचं आयुष्य मिनिटांत मोजायचं.

इंजिन उघडलं तर बुश गेलेलाच होता. बाबा तेव्हा पुण्याला ताईकडे होते, त्यामुळे निर्णय माझ्यावर आला. गॅरेजवाल्याने रॉड वरखाली हलवून खडखड ऐकवली आणि म्हणाला, “भैया, अब बुश मत डलवाओ. रोलर डलवा लो, जिंदगी भर की छुट्टी.” रोलर म्हणजे तरंगत्या बुशच्या जागी पोलादी रुळांचं बेअरिंग असलेला रॉड. जुन्या बुलेटमध्ये हा बदल कैक वर्षं होत आला आहे आणि नीट केला तर चांगला चालतोही. मला ‘जिंदगी भर की छुट्टी’ एवढंच ऐकू आलं. बुश झिजणारा भाग, रोलर मजबूत भाग, म्हणून रोलर, असा माझा हिशेब. बुश का झिजला, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

नवा रॉड बसला. गाडी दणदणीत चालू लागली. आठ महिने मी भेटेल त्याला रोलरचं कौतुक सांगत होतो. ओरछा, बरुआसागर, बबीना, कुठेही काढावी आणि चालवावी. मग जानेवारीत एका सकाळी आवाज परत आला. या वेळी तो ठक-ठक नव्हता, करकरीत, दळल्यासारखा होता. तेल काढलं तर त्यात चांदीच्या चुऱ्यासारखे पोलादाचे बारीक कण चमकत होते. चार हजार किलोमीटरसुद्धा झाले नव्हते.

तोवर बाबा परतले होते. त्यांची नोकरी झाशीच्या रेल्वे वर्कशॉपात, वाघिणींच्या दुरुस्तीत गेली. बेअरिंग हा त्यांच्या आयुष्याचा विषय. मला ते काही बोलले नाहीत. ओळखीच्या एका म्हाताऱ्या उस्तादांना घरी बोलावलं आणि अंगणातच इंजिन उघडायला बसले.

टायमिंग कव्हर निघाल्यावर बाबांनी त्याच्या आतल्या भोकात बोट घातलं आणि मला म्हणाले, “इकडे ये. हात लाव.” तिथे कॉर्कचं एक छोटं सील असतं, करंगळीच्या नखापेक्षा जरासं मोठं. पंपाने पाठवलेलं तेल कव्हरमधून क्रँकच्या फिरत्या टोकात शिरतं ते या सीलमधून. आमचं सील एका बाजूने दुमडून तुटलं होतं. म्हणजे क्रँककडे जायचं बरंचसं तेल वाटेतच, कव्हरच्या आत सांडत होतं. टाकीत तेल भरपूर, पंप ठीक, आणि जिथे हवं तिथे मात्र थेंब-थेंब. पुढे क्रँक उघडल्यावर उस्तादांनी फ्लायव्हीलमधल्या तेलाच्या भोकात तार घातली. बाहेर आला तो डांबरासारखा काळा गाळ. नवी पिन, नवा रॉड, नवं बेअरिंग त्या जुन्या गाळावरच बसवलं होतं.

गाळ माझ्याच हाताचा होता. त्याआधीची दोन वर्षं मी तेल बदललं नव्हतं, वरून फक्त भरत होतो. झाशीच्या भोवती खडी क्रशर आहेत आणि उन्हाळ्याची धूळ आहे. जुनं तेल आणि बारीक धूळ एकत्र आली की तेलाची उटी होते, घासून गुळगुळीत करणारी.

मी बाबांना विचारलं, “पण रोलर इतक्या लवकर कसा गेला? तो तर मजबूत असतो ना?”

ते म्हणाले, “अरे, आमच्या वाघिणींना पूर्वी साधं बेअरिंगच असायचं. आसावर पितळेचा तुकडा, त्याला आतून व्हाइट मेटल, आणि खाली तेलात भिजवलेल्या सुताचे बोळे. कुणी तेल घालायचं विसरलं, बोळा सरकला, की आस तापायचा, धूर निघायचा. हॉट ॲक्सल म्हणतात त्याला. गाडी स्टेशनात शिरली की आमची माणसं डब्याडब्याला ॲक्सल बॉक्सजवळ हात नेऊन बघायची, कुठला तापलाय. मग १९८० नंतर नव्या वाघिणी आल्या त्या रोलर बेअरिंगच्या. का, तर हजार मैलांत प्रत्येक आसापाशी माणूस पोचत नाही. ग्रीस भरून बेअरिंग बंद केलं की झालं. पण रोलरलाही वंगण लागतंच. ते नसलं तर तो उशिरा ओरडतो, इतकाच फरक. तुझ्या बुशने डबऱ्याजवळ हाक मारली होती. रोलरने आठ महिने काही कळू दिलं नाही.”

ते ‘उशिरा ओरडतो’ मी विसरलो नाही. मजबूत भागाने दुखणं बरं केलं नाही, झाकलं. तेवढ्या वेळात कमी तेलावर चाललेल्या सिलिंडरलाही ओरखडे पडले, कारण या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींना बरंचसं तेल क्रँकवरून उडालेलंच मिळतं. पहिल्या कामाला जेवढा खर्च आला होता, त्याच्या दुपटीहून जास्त दुसऱ्याला आला. मूळ दोष होता चहाच्या कपाएवढ्या किमतीच्या एका सीलचा आणि वेळेवर न बदललेल्या तेलाचा.

त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला हाच प्रश्न विचारला: झिजलेला भाग तसाच बसवू की भारीतला? मी त्यांना जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितो.

सगळ्यात आधी, भाग का झिजला याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवा विकत घेऊ नका. झीज तीन वाटांनी येते. वयाने, म्हणजे चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चालून. उपासमारीने, म्हणजे तेल कमी, घाण किंवा न पोचणारं. आणि अतिश्रमाने, म्हणजे इंजिन ज्या वेगासाठी आणि ओझ्यासाठी बनलं त्याच्या पलीकडे रोज वापरून. वयाने झिजला असेल तर जसा होता तसाच बसवा, त्याने आपलं काम केलेलं आहे. उपासमारीने झिजला असेल तर आधी तेलाची वाट दुरुस्त करा. त्याशिवाय बसवलेला कुठलाही भाग, कितीही भारी असो, त्याच रस्त्याने जाणार. फक्त अतिश्रमाच्या बाबतीत अपग्रेडचा विचार खरोखर सुरू होतो.

मग स्वतःला विचारा, गाडी कशी चालवता. साडेतीनशेची जुनी बुलेट अठरा अश्वशक्तीची आहे. साठ-पासष्टच्या चालीने ती दिवसभर जाते आणि त्या चालीला बुश पुरतो. तासन्तास हायवेवर ताणायची असेल, डोंगरात दोघं आणि सामान घेऊन चढायचं असेल, तर रोलरची बाजू वरचढ ठरते. उद्या काय करावंसं वाटतं त्यावर ठरवू नका. गेल्या वर्षभरात मीटर कुठे-कुठे फिरला ते आठवा.

शांत इंजिन केवळ अपग्रेडसाठी कधीही उघडू नका. क्रँक उघडायचा म्हणजे प्रेसवर पिन काढायची, पुन्हा दाबून बसवायची आणि दोन्ही फ्लायव्हील एका रेषेत आणायची. ती रेष डायल गेजवर शतांश मिलिमीटरमध्ये बघावी लागते. हातोडी मारून अंदाजाने लाइन काढणाऱ्याकडे जगातलं उत्तम बेअरिंग दिलंत तरी ते टिकणार नाही. म्हणून दुकानात शिरल्यावर भागाच्या किमतीआधी विचारा, “क्रँक लाइन कशावर बघता?” गेज काढून दाखवला तर पुढे बोला. मात्र क्रँक दुसऱ्या कारणाने उघडलाच असेल, तर अपग्रेडचा जास्तीचा खर्च केवळ भागाचा असतो, मजुरी तीच. विचार करायची खरी वेळ तीच.

घ्यायचाच असेल तर रॉड, पिन आणि बेअरिंग एकाच संचातलं घ्या. एकाची पिन, दुसऱ्याचा रॉड असं जमवू नका, कारण रोलरमध्ये मापातला आणि पोलादाच्या कठीणपणातला थोडासा फरकही महागात पडतो. सोबत काय-काय बदलणार ते कागदावर लिहून घ्या: कॉर्क सील, फिल्टर, तेलाच्या सगळ्या वाटा तार आणि हवेने साफ, पंपाची तपासणी. हे ‘नंतर बघू’ म्हणणारा मिस्त्री चालणार नाही. आणि जुना भाग परत मागून घ्या. त्याच्यावरच्या खुणा त्याची गोष्ट सांगतात. एका बाजूलाच झीज असेल तर रेष चुकली होती, सगळीकडे निळसर काळपट असेल तर तेलाविना तापला होता, बारीक ओरखडे असतील तर घाण गेली होती. पहिल्या वेळी मी तो बुश पाहिला असता तर दुसरा खर्च वाचला असता.

इंजिन बांधून झाल्यावर, गाडी घरी नेण्याआधी मिस्त्रीला सुरू इंजिनवर दाखवायला सांगा की तेल पोचतंय. टाकीत तेल दिसणं आणि बेअरिंगला तेल मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या अंगणात त्या दिवशी बाबांनी मलाच निर्णय घ्यायला लावला. मी साधा बुश निवडला. तेलाची वाट साफ झाली होती, सील नवं होतं, आणि माझी चाल साठची. त्यांना ते पटलं. त्याच आठवड्यात माझ्या एका मित्राने उस्तादांकडून रोलर बसवून घेतला, कारण तो गाडीवरून डोंगरात जातो. त्याचाही निर्णय बरोबर होता. त्याच्याही इंजिनातल्या वाटा आधी साफ झाल्या होत्या.

आता मी दर अडीच हजार किलोमीटरला २०-डब्ल्यू-५० तेल बदलतो आणि काढलेलं तेल बोटांत चोळून उन्हात धरतो. चमक दिसली की गाडी उभी. लांबच्या प्रवासात पन्नास-साठ किलोमीटरला थांबून हाताची पाठ इंजिनजवळ नेतो, बाबांची माणसं वाघिणींपाशी न्यायची तशी. ही सवय लागल्यापासून इंजिनचा खालचा भाग उघडावा लागलेला नाही.

गेल्या गणपतीत भाचा त्याची शंभर सीसीची गाडी घेऊन आला. टायमिंग चेन वाजते, भारीतली चेन आणि नवा टेन्शनर टाकू का, असं विचारत होता. मी आधी तेलाची काडी बाहेर काढायला लावली. तेल खालच्या रेघेच्याही खाली होतं. तेल बदललं, आवाज निम्मा झाला, पण गेला नाही. मग टेन्शनर उघडला. तो ठीक होता, चेनच ताणली गेली होती. कंपनीची होती तशीच चेन बसवली आणि आवाज थांबला. भारीतल्या चेनसाठी आणलेले पैसे त्याच्या खिशातच राहिले.

जाताना तो म्हणाला, “मामा, तेल दर किती दिवसांनी बघू?”

मी म्हटलं, “दर रविवारी. गाडी पुसायच्या आधी.”