शॉकअपची खाच आणि आतलं तेल

डबलसीट गेलं की माझी गाडी खड्ड्यात मागून दणकन आपटायची. मी दोन्ही शॉकअप पहिल्या खाचेवरून थेट पाचव्या खाचेवर नेले. आपटणं कमी झालं. पण घाटातल्या वळणावर मागचं चाक उसळतच राहिलं. रूम पार्टनर आणि मी थोडक्यात वाचलो!

खाच वाढवल्याने स्प्रिंग कॉन्स्टंट बदलत नाही. बसल्यावर गाडी कमी दबते, इतकंच. उसळी जिरवतं ते आतलं तेल, आणि माझ्या शॉकअपमधलं तेल गळून गेलेलं! शेवटी नवी जोडीच बसवली. आता एकटा असताना दुसरी खाच, डबलसीटला चौथी. दोन्ही बाजूंना सारखीच.

आजच गाडी मागून जोरात दाबून सोडा. दोन-तीनदा उसळली, तर खाचेला हात लावण्याआधी रॉडवर तेल दिसतं का ते बघा.