पाहणारे पुष्कळ, घेणारे थोडे

औरंगाबादी हिमरूच्या शाली ऑनलाइन विकणाऱ्या एखाद्या छोट्या दुकानाचे उदाहरण घेऊ. महिन्यात 500 जणांनी दुकान पाहिले आणि 5 जणांनी माल घेतला, तर विक्रीचे प्रमाण 1 टक्का झाले. अशा वेळी आपले व्यापारी बंधू जाहिरातीचा खर्च वाढवतात. तो न वाढवता 5 चे 10 झाले तरी विक्री दुप्पटच होते.

गिऱ्हाईक कोठे थांबते ते आधी शोधावे. हिमरूत ताणा सुताचा व बाणा रेशमाचा. पण पडद्यावर कापड हाताला लागत नाही. म्हणून उलटी बाजू, काठ व वीण यांचे फोटो जवळून, दिवसाच्या उजेडात काढावेत. लांबी-रुंदी लिहावी. माल हातमागाचा की यंत्रमागाचा, तेही स्पष्ट सांगावे. गिऱ्हाईक ते विचारतेच.

माल निवडून झाल्यावर शेवटच्या पानावर पाठवणीचा खर्च पुढे आला की पुष्कळजण परत फिरतात. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसारही सर्व कर-खर्च धरून एकूण किंमत दाखवणे बंधनकारक आहे. माल परत घेण्याची अट तेथेच द्यावी.

एका वेळी एकच बदल करून आकडे वहीत मांडावेत. पाच-सात विक्रींवरून मात्र निष्कर्ष काढू नये. दोन-तीन महिने थांबावे.