ज्ञानकोशाची वर्गणी

गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. मांडवाचा खर्च वर्गणीतून आणि कष्ट कार्यकर्त्यांचे, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश याच रीतीने चालतो. त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी सुरू झाली. तेथे जाहिराती नाहीत, लेखकांना मानधन नाही. संगणकयंत्रणेचा व ती सांभाळणाऱ्यांच्या वेतनाचा खर्च मुख्यतः देणग्यांतून भागतो. डॉ. केतकरांना आपल्या ज्ञानकोशासाठी भागभांडवल जमवावे लागले होते. येथे अल्प देणगीही चालते.

मात्र देणगीने लेख लिहून होत नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांची कितीतरी माहिती वृद्ध कामगारांच्या स्मरणात आहे. पण नुसती आठवण तेथे ग्राह्य धरली जात नाही. प्रकाशित आधार लागतो, आणि तो शोधण्यास दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसणारा शिक्षक हवा.