नावाचा अर्थ आणि नावाचा वारसा

विशेषनामाला अर्थ असतो का, हा तर्कशास्त्राच्या तासाला हमखास निघणारा प्रश्न. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले, की विशेषनाम केवळ व्यक्तीचा निर्देश करते, तिचा कोणताही गुण सांगत नाही. तर्कदृष्ट्या हे मान्य केले, तरी पाळण्यातले नाव ठेवताना आईबाप मिलचे ऐकत नाहीत! त्या नावातून ते काहीतरी सांगू पाहतातच. त्याचा उलगडा होण्यास ख्रिस्ती समाजातील संतनामांची प्रथा फार उपयोगी पडते.

कॅथलिक पंथात बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला बहुधा एखाद्या संताचे नाव देतात. तो संत त्या मुलाचा पाठीराखा मानला जातो. युरोपातील अनेक देशांत त्या संताचा सण हा नावधारकाचा ‘नामदिन’ म्हणून साजराही होतो.

आता या नावांचे शब्दार्थ पाहू. ‘जॉर्ज’ हे नाव मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘शेतकरी’. परंतु संत जॉर्ज प्रसिद्ध आहेत ते सैनिकांचे पाठीराखे म्हणून. ‘गोन्सालो’ या नावाच्या मुळाशी जुन्या जर्मानिक भाषांतील ‘युद्ध’ या अर्थाचा शब्द आहे. उलट, आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधू होते. १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मरण आले आणि १८६२ साली संतपद मिळाले. त्यांच्या स्मरणार्थ मुलाचे नाव ठेवणाऱ्याच्या मनात युद्ध नसते, श्रद्धेसाठी मरण पत्करणारा माणूस असतो.

‘पीटर’ म्हणजे खडक. सायमन नावाच्या कोळ्याला येशूने हे नाव दिले, ते आपल्या मंडळीचा भक्कम पाया म्हणून. आपल्याकडचे दगडू आणि धोंडू यांचा शब्दार्थ याहून वेगळा नाही. हेतू मात्र अगदी निराळा. ज्या घरी मुले जगत नसत, तेथे नव्या जिवाला दृष्ट लागू नये म्हणून असे ओबडधोबड नाव ठेवीत. तिकडे दृढतेचा गौरव, तर इकडे आईच्या काळजातील धास्ती!

हजेरीच्या वेळी असे एखादे नाव आले, की वर्गात खसखस पिकते. परंतु धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) हे नाव उच्चारताना कोणी हसत नाही. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन करणाऱ्या आणि १९५८ साली ‘भारतरत्न’ ठरलेल्या या पुरुषाच्या आयुष्याने त्या नावाला वजन आणले.

सारांश, शब्दकोश नावाचा उगम सांगतो. त्याचा अर्थ मात्र ते नाव वागविणारी माणसे घडवितात. संतनामांच्या प्रथेचे मर्म हेच आहे. म्हणून एखाद्या जुन्या नावाला नाक मुरडण्यापूर्वी ते कोणी, कोणत्या आशेने वा कोणत्या भीतीने ठेवले असेल, याचा आपण क्षणभर तरी विचार करावा.