पारख वस्तूची

प्रस्तावना

नवी वस्तू घरी आली, की काही दिवस तिचे कौतुक होते. पुढे ती रोजच्या वापरात येते आणि तिचे खरे गुणदोष कळू लागतात. वस्तू मनाजोगती निघाली नाही, तर पैसे अडकून पडतात आणि मनही खट्टू होते. अशा वेळी ‘आपले नशीबच खोटे’ असे म्हणून गप्प बसणारे पुष्कळ असतात. परंतु पहिली खरेदी कशामुळे फसली, याचा शांतपणे शोध घेतला, तर पुढची खरेदी डोळसपणे करता येते. प्रस्तुत पाठात व्हॅक्यूम क्लीनर या घरगुती यंत्राच्या उदाहरणातून वस्तू पारखण्याची रीत समजावून दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

- व्हॅक्यूम क्लीनरचे कार्य कसे चालते, ते सांगता येईल;
- खोक्यावरील आकड्यांचा नेमका अर्थ लावता येईल;
- चांगल्या यंत्राच्या खुणा ओळखता येतील;
- सदोष वस्तूबाबत ग्राहकाला कोणते हक्क आहेत, ते स्पष्ट करता येईल.

मूळपाठ

१. यंत्राची वाटचाल

केरसुणी केर गोळा करते. पण बारीक धूळ तिच्यामुळे उडते आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली बसते. धूळ उडवण्याऐवजी ओढून घेता येईल का, या प्रश्नातून व्हॅक्यूम क्लीनरचा जन्म झाला. इंग्लंडमधील अभियंता ह्यूबर्ट सेसिल बूथ याने १९०१ साली हवा ओढून सफाई करणारे यंत्र तयार केले. त्यापूर्वी त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली आणि रुमालावर धुळीचा डाग उमटला, असे सांगतात. त्याचे यंत्र एवढे अवजड होते, की ते घोडागाडीवरून न्यावे लागे आणि रस्त्यावर उभे करून त्याच्या नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत.

अमेरिकेतील ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँग्लर नावाचा सफाई कामगार होता. झाडताना उडणाऱ्या धुळीमुळे त्याचा दमा बळावत असे. त्याने विजेचा पंखा, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातात धरता येईल असे यंत्र बनवले. १९०८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. पुढे १९२१ साली स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने जमिनीवर आडवे सरकणारे आणि लांब नळी जोडलेले यंत्र बाजारात आणले. आजच्या कॅनिस्टर पद्धतीच्या यंत्राचे ते पूर्वरूप होय. या पद्धतीत मोटर आणि धुळीची पिशवी चाकांवरच्या डब्यात असते. हातात केवळ हलका दांडा राहतो. त्यामुळे पलंगाखाली, पडद्यांवर, सोफ्याच्या फटींत आणि छताच्या कोपऱ्यांतही सफाई करता येते. फरशीची जमीन, चटया आणि सतरंज्या असलेल्या घरांना ही पद्धत सोयीची ठरते.

२. एक फसलेली खरेदी

इंदूरसारख्या शहरात घरी शिवणकाम करणारी एक स्त्री आहे, अशी कल्पना करावी. कापडाचे तंतू आणि खडूची भुकटी खोलीभर पसरते. झाडताना तिला खोकल्याची उबळ येते. म्हणून सणासुदीच्या सवलतीत ती साठवलेल्या पैशांतून एक व्हॅक्यूम क्लीनर घेते. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘२००० वॅट’ असे छापलेले असते. शेजारच्या यंत्रावर १२०० चा आकडा असतो. जास्त आकड्याचे यंत्र कमी किमतीत मिळाले, याचे तिला समाधान वाटते.

ते समाधान महिनाभरही टिकत नाही. यंत्र सुरू केले, की मागच्या बाजूने धुळीचा वास येतो आणि खोकला पूर्वीसारखाच राहतो. पिशवी अर्धीही भरत नाही, तोच ओढ मंदावते. बैठकीच्या खोलीतला सॉकेट तापू लागतो. आवाज इतका कर्कश असतो, की लहान मूल दचकून रडू लागते. चौथ्या महिन्यात नळी वळणाच्या जागी तडकते. सुटी नळी त्या गावात मिळत नाही आणि दुरुस्ती केंद्र दुसऱ्या शहरात असते. अखेर यंत्र माळ्यावर जाते आणि केरसुणी पुन्हा हातात येते.

दुकानदाराने फसवले, असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. त्या यंत्राचा निदान एक आकडा खराच होता. तो कशाचा आहे, हे मात्र विचारले गेले नव्हते.

३. वॅट हे कशाचे माप?

खोक्यावरचा वॅटचा आकडा यंत्र किती वीज घेते, ते सांगतो. ते धूळ किती ओढते, हे त्यावरून कळत नाही. जास्त लाकडे जाळणारी चूल उत्तम स्वयंपाक करतेच असे नाही. तसेच हे आहे. घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत आणि आवाजात खर्च होऊ शकतो.

धूळ ओढण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे ओढीचा जोर. तो किलोपास्कलमध्ये मोजतात. दुसरी म्हणजे नळीतून वाहणारी हवा. ती लीटर प्रतिसेकंद या मापात सांगतात. या दोहोंचा एकाच वेळचा गुणाकार केला, की खरी शोषणशक्ती मिळते. उदाहरणार्थ, एखादे यंत्र १० किलोपास्कल जोराने दर सेकंदाला २० लीटर हवा ओढत असेल, तर त्याची शोषणशक्ती २०० वॅट होय. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. नळीचे तोंड पूर्ण बंद केले, तर जोर सर्वाधिक असतो, पण हवा वाहत नाही. तोंड मोकळे ठेवले, तर हवा भरपूर वाहते, पण जोर उरत नाही. म्हणून जाहिरातीतील ‘कमाल’ आकडे वेगवेगळ्या स्थितींतले असतात. त्यांचा परस्पर गुणाकार करता येत नाही.

वॅट कमी झाले म्हणजे सफाई घटते, हा समज युरोपातील नियमांनीही खोटा ठरवला. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या वीजवापरावर १६०० वॅटची मर्यादा घातली आणि सप्टेंबर २०१७ पासून ती ९०० वॅटवर आणली. त्याचबरोबर धूळ उचलण्याच्या क्षमतेची किमान अटही ठेवली. त्यामुळे उत्पादकांना मोटर, हवेचा मार्ग आणि ब्रशची रचना यांकडे अधिक लक्ष द्यावे लागले.

पाठगत प्रश्न १

(अ) खोक्यावरील वॅटचा आकडा काय दर्शवतो?
(आ) शोषणशक्ती कोणत्या दोन गोष्टींवर अवलंबून असते?
(इ) योग्य पर्याय निवडा : आधुनिक कॅनिस्टर यंत्राचे पूर्वरूप (१९०१ / १९०८ / १९२१) साली बाजारात आले.

४. ओढलेली हवा बाहेर पडतेच

यंत्र जेवढी हवा आत घेते, तेवढी बाहेर सोडते. ती बाहेर पडण्यापूर्वी नीट गाळली गेली नाही, तर जमिनीवरची धूळ यंत्रामार्फत खोलीत परत उधळली जाते. डोळ्यांना जमीन स्वच्छ दिसते. श्वासात मात्र धूळच जाते. शिवणकाम करणाऱ्या त्या स्त्रीचा खोकला थांबला नाही, त्याचे एक कारण यात सापडू शकते.

यासाठी हेपा नावाचा फिल्टर वापरतात. अमेरिकेत रूढ असलेल्या व्याख्येनुसार ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर हेपा ठरतो. माणसाचा केस साधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. त्यावरून हे कण किती सूक्ष्म असतात, याची कल्पना येईल. युरोपीय मापानुसार अशा फिल्टरवर ‘एच १३’ यांसारखी श्रेणी लिहिलेली असते. केवळ ‘हेपासारखा’ अशा मोघम शब्दांवर विसंबून राहू नये. शिवाय फिल्टर उत्तम असला, तरी डब्याच्या झाकणाच्या किंवा सांध्यांच्या फटींतून हवा निसटत असेल, तर त्याचा उपयोग होत नाही. झाकणाला घट्ट रबरी कड आहे की नाही, हे म्हणूनच पाहावे.

पिशवी असावी की नसावी, हाही प्रश्न पडतो. पिशवीच्या यंत्रात धूळ न उडवता बाहेर टाकता येते. मात्र कागदी पिशव्या पुन्हापुन्हा विकत घ्याव्या लागतात. बिनपिशवीच्या यंत्रात तो खर्च वाचतो. पण डबा रिकामा करताना धूळ उडते आणि फिल्टर वरचेवर साफ करावा लागतो. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये. ज्याला धुळीचा त्रास आहे, त्याला पिशवीचे यंत्र अधिक सोयीचे पडते. मात्र खोकला किंवा दमा असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावाच लागतो. यंत्र हा आजारावरचा उपचार नव्हे.

५. घराला साजेसे यंत्र

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाने मिळते. त्या हिशेबाने ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर सुमारे १३८० वॅटपर्यंतचेच यंत्र चालवता येते. २००० वॅटच्या यंत्राला जवळजवळ ९ अँपिअर वीज लागते. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट हवा. तो अनेक घरांत स्वयंपाकघरातच असतो. साध्या सॉकेटवर असे यंत्र चालवल्यास तारा तापून आग लागण्याचा धोका संभवतो. म्हणून यंत्र पाहायला जाण्यापूर्वी घरातील सॉकेट पाहावेत आणि वायरची लांबी पुरेल का, तेही मोजावे.

नळी वळवली तरी चेपू नये आणि डब्याला जोडलेल्या जागी ती सहज फिरावी. दांडा आपल्या उंचीप्रमाणे लांब-आखूड करता यावा. फरशीसाठी मऊ केसांचा ब्रश, सतरंजीसाठी वेगळा ब्रश आणि फटींसाठी चपटे तोंड सोबत मिळावे. चाके रबरी असली, तर फरशीवर चरे पडत नाहीत. आवाज डेसिबलमध्ये लिहिलेला असतो. दोन यंत्रांत तो कमी असलेले पसंत करावे.

६. दुकानातली परीक्षा

वस्तू चालवून पाहण्यात संकोच मानू नये. फरशीच्या सांध्यावर चिमूटभर रवा टाकून ब्रश एकदाच फिरवावा आणि सांध्यात किती उरला, ते पाहावे. यंत्र चालू असताना मागच्या बाजूला हात धरून हवेचा वास घ्यावा. झाकणाजवळ फुसफुस ऐकू येते का, याकडे लक्ष द्यावे. डबा उचलून त्याचे वजन अजमावावे. त्यानंतर दुकानदाराला पुढील प्रश्न विचारावेत : पिशव्या आणि फिल्टर या गावात मिळतात का? त्यांची किंमत किती? दुरुस्ती केंद्र कोठे आहे? वॉरंटी संपूर्ण यंत्राची आहे की केवळ मोटरची?

किमतीची तुलनाही नीट करावी. खरेदीच्या किमतीत पाच वर्षांच्या पिशव्या, फिल्टर आणि दुरुस्ती यांचा खर्च मिळवला, की खरा आकडा समोर येतो. चार महिन्यांत माळ्यावर गेलेले स्वस्त यंत्र शेवटी महागच पडते. ‘स्वस्त ते मस्त’ हे नेहमीच खरे नसते आणि महाग वस्तू चांगलीच निघेल, अशीही खात्री नसते.

७. ग्राहकाचा हक्क

वस्तू मनासारखी न निघणे आणि वस्तू सदोष असणे, यांत फरक आहे. पारख न करता घेतलेल्या वस्तूचा पश्चात्ताप ग्राहकालाच सोसावा लागतो. सदोष वस्तूची जबाबदारी मात्र उत्पादकावर आणि विक्रेत्यावर येते. वॉरंटीच्या काळात तडकलेली नळी बदलून मागणे, ही मेहेरबानीची याचना नव्हे.

भारतात १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन त्याचीच आठवण देतो. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० मध्ये अमलात आला. वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळणे, हा या कायद्याने दिलेला हक्क आहे. पावती न देणे, तसेच सदोष वस्तू पावतीवरील मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, या अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. ग्राहक स्वतः राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर त्यासाठी शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते. यासाठी पावती आणि वॉरंटीचे कार्ड जपून ठेवणे आवश्यक असते.

कष्टाचा पैसा खर्च करणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. खरेदीपूर्वी योग्य प्रश्न विचारले, तर खरेदीनंतर तक्रार करण्याची वेळ क्वचितच येते.

शब्दार्थ

खट्टू होणे – नाराज होणे
अजमावणे – अंदाज घेणे
मोघम – अस्पष्ट
विसंबणे – भरवसा ठेवणे
अनुचित – अयोग्य
दाद मागणे – न्याय मागणे

स्वाध्याय

१. ‘यंत्र जेवढी हवा आत घेते, तेवढी बाहेर सोडते’ या विधानाचे महत्त्व पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.
२. शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने खरेदीपूर्वी विचारायला हवे होते, असे चार प्रश्न लिहा.
३. ‘मनासारखी न निघालेली वस्तू’ आणि ‘सदोष वस्तू’ यांतील फरक स्वतःच्या उदाहरणाने सांगा.
४. ‘माळ्यावर जाणे’ आणि ‘डोळसपणे खरेदी करणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. वॉरंटीच्या काळात बिघडलेल्या वस्तूविषयी विक्रेत्याला औपचारिक तक्रारपत्र लिहा. पत्रात खरेदीची तारीख, पावती क्रमांक, दोषाचे वर्णन आणि तुमची मागणी यांचा उल्लेख असावा.